न घेतलेली पावती

मसाला कुटायचं मशीन उचलून नेलं तेव्हा खलात अडीच किलो मिरची होती, अर्धी कुटलेली. ती काढून घ्यायलाही त्यांनी सवड दिली नाही. टेंपो राई गावाच्या रस्त्यानं भाईंदरकडे निघाला आणि मागच्या फळीतून लाल भुकटी गळत राहिली. रस्त्यावरची माणसं शिंकू लागली, कोणी हसलंही. हंसा दारात उभी होती. तिच्या हातात झारा तसाच होता आणि चुलीवर धणे करपत होते.

फायनान्स कंपनीची चार माणसं आली होती. बोलणारा एकच, पान खाणारा.

"तीन किस्त बाकी है बाई. इधर साइन करो."

"बाकी न्हाय. सगले दिलेत. दर महिन्याला दिलेत."

"रसीद दिखाओ."

हंसा आत गेली. देवाच्या फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून आणला आणि पावत्या त्याच्यापुढे धरल्या. अकरा होत्या. जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंतच्या, एकीमागे एक, दोऱ्यात ओवलेल्या. त्यानं बोटाला थुंकी लावून मोजल्या.

"दिसंबर? जनवरी? फरवरी?"

तिच्याकडे सांगायला होतं, पण दाखवायला नव्हतं. तेवढ्या वेळात बाकीच्या तिघांनी पान्यानं बोल्ट सोडवले होते.

संध्याकाळी तिचा नवरा उत्तम मिठागरावरून आला. पायांच्या भेगांत मीठ भरलेलं, डोळे लाल. सिमेंटच्या ओट्यावर चार बोल्ट वर तोंड करून उभे होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग उजवा हात बोल्टवर ठेवून खाली बसला. त्या हाताला तीनच बोटं. दोन भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात प्रेसखाली गेली होती, आणि त्यांची जी भरपाई मिळाली ती याच मशीनच्या आगाऊ रकमेत घातली होती. बाकीचं फायनान्स कंपनीनं दिलं होतं, दोन वर्षांच्या हप्त्यांवर.

"त्या कोंडिरामानं खाल्ले," उत्तम म्हणाला.

"न्हाय."

"मंग कोनी खाल्ले?"

हंसा उठली. तिनं करपलेले धणे उकिरड्यावर टाकले आणि कढई घासायला घेतली.

कोंडिराम म्हणजे कंपनीचा वसुलीचा माणूस. मूळचा मराठवाड्यातला, राहायचा चेण्याला. दर महिन्याच्या पाच तारखेला सायकलवर यायचा, हँडलला रेक्झिनची पिशवी. पहिल्या खेपेला तो ओट्याखाली उभा राहिला आणि उभ्यानंच पावती फाडली. हंसानं पाणी दिलं तर ओंजळ पुढे केली. चाळिशी गाठलेला माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि पाण्यासाठी ओंजळ. हंसाला कसंनुसं झालं. तिनं तांब्या त्याच्या हातात दिला.

हे सासूच्या, गोदूबाईच्या, डोळ्यांतून सुटलं नाही. म्हातारी वाईट नव्हती, पण जुनी होती. पुढच्या महिन्यात तिनं कान तुटलेला एक कप वेगळा काढला आणि तो न्हाणीच्या भिंतीवर पालथा घालून ठेवला. कोंडिराम आला की तो कप. कोंडिरामही चहा झाला की स्वतःच विसळून भिंतीवर पालथा घालायचा. कोणी काही बोलत नव्हतं. आठ-नऊ महिने तो कप तिथंच होता, आणि हंसाला न्हाणीत जाताना-येताना तो दिसायचा.

दिवाळीत काय झालं कोणास ठाऊक. भाऊबीजेला हंसाचा सख्खा भाऊ आला नाही, त्याचं नि उत्तमचं जमिनीवरून वाजलं होतं. ताट वाढलेलं, निरांजन लावलेलं. नेमका कोंडिराम राहिलेला हप्ता घ्यायला आला. हंसानं पाट मांडला.

"बसा."

"ताई, आमच्यात ही दिवाळी तशी नसती."

"माझ्यात हाय ना. बसा."

तो गोदूबाईकडे बघून घुटमळला, पण बसला. बहिणीचं ताट नाकारायचं नसतं एवढं पुटपुटला. हंसानं ओवाळलं. त्यानं खिशातली दहाची नोट ताटात घातली, मग आणखी पाच रुपये शोधून घातले. जेवणही घरच्या ताटात झालं. गोदूबाई तोंड फिरवून बसली होती. कोंडिराम गेल्यावर हंसानं न्हाणीच्या भिंतीवरचा कप उचलून उकिरड्यावर फेकला. त्या महिन्याची पावती त्यानं दिली होती, ती अकरावी.

डिसेंबरच्या पाच तारखेला तो आला, पैसे मोजले, पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. गोदूबाई तिथंच तांदूळ निवडत होती. तिच्याकडे बघतच हंसा म्हणाली, "ठेवा ते. घरच्या मानसाकडनं कोन कागद घेतं?"

"न्हाई ताई, नियम हाय."

"पावती दिलीत तर मी समजीन, जेवलात ते तोंडदेखलं जेवलात."

हे ती त्याला म्हणाली, पण ऐकवलं सासूला. कोंडिराम लाजला. पुस्तक पुन्हा पिशवीत गेलं. जानेवारीत त्यानं ते काढलंही नाही, फेब्रुवारीतही नाही. आणि फेब्रुवारी संपता संपता, महाशिवरात्र होऊन मसाल्याचा हंगाम कुठं सुरू होत होता, तेव्हा टेंपो आला.

रविवारी रसिका मिरची न्यायला आली. गेलेली मिरची तिचीच. ती शांती नगरात राहायची, मुंबईत विमा कंपनीत नोकरी, नवरा-बायको दोघंही गिरगावातून इकडे आलेले. गेल्या सालचा मसालाही हंसाच्या याच मशीनवर, डंकावर, कुटलेला. तिनं रिकामा ओटा पाहिला, बोल्ट पाहिले.

"माझी बेडगी कुठाय?"

"नेली. मशीनसंगं."

"म्हणजे? तुमच्या कर्जात माझी मिरची जप्त?"

हंसाला हसावं की रडावं कळेना. "भरून देईन ताई. हातानं कुटून देईन."

रसिका ओट्याच्या कडेवर बसली आणि तिनं सगळं विचारून घेतलं. ती आठवड्यातून एकदा ग्राहकांच्या एका मंडळात बसायची. रॉकेलचं माप, गॅसचा नंबर, बिल्डरनं चोरलेले फूट, असल्या तक्रारी लिहून द्यायची. तिचा आवाज चिडला की वर चढायचा.

"नोटीस दिली होती? लेखी काही? नाही? मग उचललं कसं? हंसाताई, ठाण्याला मंच आहे, ग्राहक मंच. वकील लागत नाही, फी लागत नाही. साध्या कागदावर अर्ज करायचा. माल घेतो तो ग्राहक असतो तसा कर्ज घेतो तोही ग्राहकच असतो."

"आमी गिऱ्हाईक?" उत्तम म्हणाला. "आमी तर देनेकरी."

"दोन्ही," रसिका म्हणाली.

सोमवारी तिघं कंपनीच्या कचेरीत गेले. भाईंदर स्टेशनजवळ जिन्यावरची जागा, काचेची केबिन, पंखा फक्त मॅनेजरच्या डोक्यावर. मॅनेजर गोड माणूस होता. त्यानं रजिस्टर फिरवून दाखवलं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी कोरे.

"पावती आणा, मशीन घेऊन जा. माझं काही वैर आहे का तुमच्याशी?"

"पैसे तुमच्या मानसाला दिलेत," हंसा म्हणाली.

"कोणाला?" त्यानं पेन उघडलं. "नाव सांगा. लगेच पोलिसात देतो. अफरातफर खपवून घेत नाही मी."

हंसानं त्या पेनच्या टोकाकडे पाहिलं. नाव त्याला ठाऊक होतंच, त्या रस्त्याला दुसरा माणूस नव्हता. त्याला ते तिच्या तोंडून हवं होतं. ती उठली. जिन्यात उत्तम तिच्यावर ओरडला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. इतकी वर्षं तो तिच्यावर कधी असा ओरडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हंसा एकटीच चेण्याला गेली. घोडबंदरच्या रस्त्यावर एस.टी.तून उतरून चढण, मग आठ-दहा खोल्यांची ओळ. कोंडिरामची बायको इंदूबाई दाराशी कपडे वाळत घालत होती. आत बाबासाहेबांचा फोटो, खाली मुलीची, पंचशीलाची, दहावीची पुस्तकं. मुलगी परीक्षेला बसली होती त्या साली. कोंडिराम कॉटवर बसला होता. तिला बघून तो उठला आणि बसायचं विसरूनच गेला.

"ताई, कळलं मला. मशीन नेलं."

"तुमी पैसे भरलेत?"

"भरले. तिन्ही महिने. मॅनेजर सायबाच्या हातात." तो बोलता बोलता थांबला. "पावती न्हाई फाडली त्यामुळं पुस्तकात मागं राहती ती स्थळप्रत न्हवती. सायेब म्हनले, ठेव, मी चढवतो. मी म्हनलं बरं. ही नोकरी त्यांनीच दिलेली. गावाकडं रोजगार हमीवर दगडं फोडत होतो मी. त्यांच्याकडं सही कशी मागू? तुमी मला मागितली न्हाई, मी त्यांना मागितली न्हाई."

हंसा खाली बसली. तिनं कोंडिरामवर विश्वास ठेवला होता, कोंडिरामनं साहेबावर, आणि साहेबानं तो खिशात घातला होता.

"मी फाडून तुमच्या चुलीपाशी ठिवून यायला पायजे होती," तो म्हणाला. "तुमचा राग आला असता तरी."

ओला टॉवेल झटकत इंदूबाई आत आली. "तुमी ह्यांचं नाव लिवनार का कोर्टात?" तिनं सरळच विचारलं. "लिवलं तर सायेब ह्यांनाच चोर ठरवतोय. नोकरी जाती ती जाती, वर पोलीस. पोरीचे पेपर चालू हाईत."

"इंदू," कोंडिराम म्हणाला.

"बोलू द्या मला. ताटात जेवला म्हनून गळ्यात दोरी घालायची का?"

हंसानं चहा घेतला. कप चांगला होता, कानाचा, पाहुण्यांसाठी ठेवलेला. तो विसळायला ती उठली तर इंदूबाईनं हातातून काढून घेतला. नाव लिहू का, हे विचारायलाच ती आली होती. न विचारताच परत निघाली.

अर्ज गेला, पण त्यात "कंपनीच्या वसुली माणसाकडे" एवढंच होतं. रसिका डोकं धरून बसली. "हंसाताई, नावाशिवाय हा अर्ज लंगडा आहे. कळतंय का तुम्हाला? मशीन जाईल."

"कलतंय."

"मग?"

"भाऊबीज केलेली परत घेता येत न्हाय."

हंगाम काही थांबत नव्हता. बायका मिरची घेऊन येत, ओटा बघून परत फिरत, नाहीतर दुसऱ्या डंकावर जात. ज्या थांबल्या त्यांच्यासाठी हंसानं माळ्यावरचं उखळ खाली काढलं. सासूच्या सासूचं, दगडी. लोखंडी मुसळ उत्तमनं घासून आणलं. पहाटे देठं काढायची, सकाळी मिरची उन्हात घालायची, दुपारी धणे, राई, दगडफूल, नागकेशर, हळकुंडं वेगवेगळी भाजायची, आणि चार वाजता कुटायला बसायचं. नाकातोंडाला पदर बांधला तरी ठसका लागायचाच. मशीन तासात जेवढं कुटायचं तेवढ्याला तिला दोन दिवस लागत. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड आले, दुसऱ्यात फुटले, आणि फुटलेल्यात मिरची गेली. ती हात ताकात बुडवून बसायची. उत्तम मिठागरावरून आला की तीन बोटांच्या हातानं मुसळ धरायचा. त्याची पकड सुटायची, मुसळ उखळाच्या काठावर आपटायचं, आणि तो शिवी देऊन पुन्हा उचलायचा. तो आता ओरडत नव्हता. ते तिला जास्त लागायचं.

गोदूबाई चाळणीवर बसायची. एकदा चाळता चाळता म्हणाली, "हंसे, मी तवा तिथं बसलेली नसती तर तू पावती घेतली असतीस."

हंसा कुटत राहिली.

"घेतली असतीस ना?"

"घेतली असती, आये."

म्हातारीनं डोळे पुसले. मिरचीचा हात डोळ्याला लागला म्हणून नंतर अर्धा तास बोंबलत होती.

मे महिन्यात ठाण्याला पहिली तारीख लागली. जुन्या इमारतीतली खोली, टेबलामागे तीन खुर्च्या. मधे अध्यक्ष, एका बाजूला एक बाई सदस्य. कंपनीचा वकील तरुण, टापटीप. आधी तो म्हणाला की ही बाई ग्राहकच नाही. दुकानावर पाटी आहे, 'हंसा मसाला उद्योग'. उद्योग म्हणजे व्यापार, आणि व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार इथं चालत नाही.

पाटी उत्तमनं रंगवलेली होती, मोठ्या हौसेनं, भोवती मिरच्यांची वेल काढून. त्यानं मान खाली घातली.

बाई सदस्यांनी विचारलं, "मशीन चालवतं कोण?"

"मीच."

"कामाला माणसं किती?"

"सासू चालनीवर बसते. नवरा सुट्टीला. दुसरं कोन?"

अध्यक्ष वकिलाला म्हणाले की गेल्या सालीच कायद्यात स्पष्ट झालंय, पोटासाठी स्वतः राबून चालवलेला धंदा व्यापार धरायचा नाही. पुढं बोला. रसिकानं मागच्या बाकावरून हंसाच्या पाठीवर हात ठेवला.

मग वकिलानं दुसरं काढलं. पैसे दिले म्हणता, कोणाला दिले? अध्यक्षांनीही तेच विचारलं, समजावून, आवाज न चढवता. "बाई, नाव सांगा. आम्हाला तो माणूस बोलवता येईल."

हंसानं टेबलाच्या पायाकडे बघितलं. खोलीत पंख्याचा आवाज होता. तिला वाटलं, आत्ता सांगितलं तर पुढच्या महिन्यात मशीन ओट्यावर असेल. कोंडिरामची ओंजळही तिला दिसली.

"त्यांचाच मानूस होता," ती म्हणाली. "त्यांना ठाव हाय."

पुढची तारीख पडली. बाहेर उत्तम म्हणाला, "झालं. बोटंबी गेली आनि मशीनबी गेलं."

तारखेनंतर चार दिवसांनी इंदूबाई राईत आली. डोक्यावर गाठोडं, दोन किलो मिरची आणि गरम मसाल्याची पुडी. चेण्याहून इथं येईपर्यंत वाटेत दोन डंक लागत होते. ती उखळापाशी येऊन उभी राहिली.

"कुटून मिळंल का?"

"बसा."

हंसाच्या उजव्या खांद्याला सूज होती, हळद-तुरटीचा लेप वाळून भेगाळलेला. इंदूबाईनं तो पाहिला, पदर खोचला आणि कोपऱ्यातलं दुसरं मुसळ उचललं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. पहिली पाच मिनिटं मुसळं एकमेकांवर आदळत होती, मग लय लागली. दोघींच्या नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. कोर्टाचा विषय कोणी काढला नाही. पंचशीलाचे पेपर बरे गेले एवढं बोलणं झालं. मसाला गोदूबाईनं चाळून दिला, आणि आत जाऊन तिनं स्वतः चहा आणला. घरच्या कपात.

निघताना इंदूबाईनं विचारलं, "कोर्टातल्या सायबांनी नाव विचारलं म्हनं तुमाला. का न्हाई सांगितलं?"

"तुमच्या पोरीचे पेपर होते."

"पेपर तर मार्चमंदीच संपले."

हंसानं गाठोड्याची गाठ घट्ट केली. इंदूबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि जाता जाता मागं वळली.

"मी तुमाला दोरी म्हनले त्या दिवशी," ती म्हणाली. "ते माज्या मनात राहिलंय."

जुलैच्या तारखेला खोलीच्या दाराशी कोंडिराम उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात तीच रेक्झिनची पिशवी. पुकारा झाल्यावर तोच पुढं आला.

"मी कोंडिराम. ह्या कंपनीचा वसुलीचा मानूस. ह्या ताईंकडनं डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीचे हप्ते मी घेतले. माज्या हातानं घेतले. पावती दिली न्हाई. चूक माजी."

वकील ताडकन उठला. "म्हणजे पैसे तुम्ही खाल्ले?"

"न्हाई सायेब. कचेरीत भरले."

"पुरावा?"

"न्हाई."

"म्हणजे खाल्ले!"

कोंडिरामनं ओठ दाबून धरले. हंसा उठून उभी राहिली, रसिकानं तिला ओढून खाली बसवलं. अध्यक्षांनी हात वर केला. ते म्हणाले, "वकीलसाहेब, हा तुमचा माणूस आहे ना? तुमच्याच पुस्तकावर आधीच्या अकरा पावत्या यानंच फाडल्यात. तुमच्या माणसाच्या हातात पैसे पडले म्हणजे तुमच्या हातात पडले. पुढं त्याचं नि तुमचं काय ते तुम्ही बघा. त्यात या बाईंचा काय संबंध?"

मॅनेजर बाकावर बसून होता. कोंडिराम त्याच्यासमोरून गेला तेव्हा त्यानं हलकेच एवढंच म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस."

निकाल डिसेंबरात लागला. रसिकानं तो राईत आणून ओट्यावर बसून वाचला. विनानोटीस, जबरदस्तीनं मशीन नेणं ही सेवेतली कसूर. तिन्ही हप्ते भरले असं धरावं. मशीन तीस दिवसांत जागेवर बसवून द्यावं, बुडालेल्या हंगामापोटी तीन हजार भरपाई, खर्च वेगळा. उरलेले हप्ते बाईंनी भरावे आणि कंपनीनं प्रत्येकाची पावती द्यावी. उत्तमनं कागद हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला आणि एकदम हुंदका दिला, बायकांसारखा नाही, खोकल्यासारखा.

कोंडिरामला बोलावून घेतलं होतं. नोकरी सुटल्यापासून तो घोडबंदर रस्त्यावर एका बांधकामावर विटा वाहत होता. हात सिमेंटनं खाल्लेले. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "ताई, त्यात मी पैसे भरले असं लिवलंय का?"

रसिकानं पानं उलटली. "नाही. असं लिहिलंय की, ती बाब या तक्रारीत ठरवण्याची गरज नाही."

"म्हंजे खाल्ले असंबी न्हाई."

"नाही."

"आन भरले असंबी न्हाई."

रसिकानं कागदाची घडी घातली. कोंडिरामनं मान हलवली, अभिनंदन म्हणून उत्तमचा हात हातात घेतला, आणि निघाला. सायकल विकलेली होती, चालतच गेला. हंसा जिंकली होती, आणि तिला घास गिळवेना. गावात बोलणं व्हायचं ते झालंच. बाईचं मशीन आलं, पण पैसे त्यानंच हाणले, कोर्टानंसुद्धा त्याला सोडवलं नाही.

जानेवारीत मशीन आलं. एक मुसळ वाकलेलं, पट्टा तुटका, खलाच्या तळाशी वर्षभराची काळी पडलेली मिरची. उत्तमनं ती खरवडून काढली आणि पुडीत बांधून रसिकाला नेऊन दिली. "तुमची जप्ती सुटली," म्हणाला. तो बऱ्याच दिवसांनी हसला होता.

मशीन चालू करायच्या आदल्या दिवशी हंसा पुन्हा चेण्याला गेली.

"उद्यापासनं गल्ल्यावर बसायला या. रोजी देईन. हंगामभर."

"गल्ल्यावर?" कोंडिराम म्हणाला. "ताई, लोक काय म्हनतील? पैशाला डाग लागलेला मानूस."

"म्हनून तर गल्ल्यावर. भाजायला मी कोनालाबी बसवीन."

इंदूबाईनं त्याचा शर्ट दांडीवरून काढला आणि इस्त्रीला घेतला.

सकाळी ओट्यासमोर वीस-बावीस बायका होत्या, डबे-पिशव्या घेऊन, अर्ध्या राईतल्या, अर्ध्या शांती नगरातल्या. कोंडिराम गल्ल्याच्या पेटीमागे बसला तेव्हा त्यांच्यात कुजबूज झाली. एकीनं पैसे त्याच्याकडे न देता हंसाकडे पुढे केले.

"तिकडं द्या," हंसा म्हणाली.

कोंडिरामनं पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. नवं, भाईंदरहून विकत आणलेलं. पहिल्या बाईला त्यानं पावती फाडून दिली. ती हसली, "दीड किलो मिरचीला पावती?" तो म्हणाला, "घ्या मावशी. ठिवा कुठंतरी." दुसरीला दिली, तिसरीला दिली. मग त्यानं पेन थांबवलं, बराच वेळ काहीतरी लिहिलं, आणि तो कागद फाडून हंसापुढे धरला.

"ही तुमची. राहिलेली."

वर्षापूर्वीची सवय. हंसाचा हात तो कागद मागे सारायला उठलाही होता. तो तिनं अर्ध्यावर थांबवला. मिरचीचे हात पदराला पुसले आणि दोन्ही हातांनी कागद घेतला. तिला अक्षर लावून वाचावं लागायचं. दोन ओळी लावल्या आणि तिनं हात लांब करून मशीनचं बटण बंद केलं. मुसळं खाली येऊन थांबली. एकाएकी इतकं शांत झालं की आतल्या खोलीतला रेडिओ ऐकू आला.

"मोठ्यानं वाचा," तिनं कागद परत त्याच्या हातात दिला.

"ताई, कशाला..."

"वाचा. सगल्यांना ऐकू जाऊ द्या."

कोंडिराम उभा राहिला. "हंसाताई उत्तम यांजकडून डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचे तीन हप्ते रोख मिळाले. पावती त्या वेळी दिली नव्हती, ती आज देत आहे." पुढची ओळ त्यानं सगळ्यांकडे बघत वाचली. "सदर पैसे मी कचेरीत भरले."

एका बाईनं डबा या हातातून त्या हातात घेतला. मघाशी जिनं पैसे हंसाकडे पुढे केले होते, ती आपल्या पायांकडे बघत होती. चाळणीपाशी बसलेली गोदूबाई म्हणाली, "भरलेच. आमाला ठाव हाय," आणि पुन्हा चाळायला लागली.

हंसानं देवाच्या फळीवरून डबा काढला. अकरा पावत्यांच्या दोऱ्यात ती बारावी ओवली, गाठ मारली आणि झाकण लावलं. डोळ्यांना पाणी आलं होतं, पण खलाजवळ उभं राहिलं की ते सगळ्यांच्याच डोळ्यांना येतं. तिनं पदर नाकावर बांधला आणि बटण दाबलं.